पेशीत खडा दिसला, पण तो केला कुणी?

शरीरात खनिज कुठे असतं, असं विचारलं की आपण हाडं आणि दात म्हणून मोकळे होतो. उत्तर बरोबरच आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडं-दातांतच असतं. पण संशोधनाच्या दृष्टीने खरी गंमत उरलेल्या एक टक्क्यात आहे. हे कॅल्शियम रक्तात, पेशींच्या आत आणि पेशींच्या मधल्या जागेत विरघळलेलं असतं. ते विरघळलेलंच राहिलं तर सगळं ठीक. भलत्या ठिकाणी त्याचा खडा झाला, की आजार. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या कडक झालेल्या धमन्या, म्हातारपणी जाड होणारी हृदयाची झडप, जुना टीबी बरा झाल्यावर छातीच्या एक्स-रेत दिसणारा पांढरा ठिपका, ही सगळी त्याचीच उदाहरणं.

या विषयावर पीएचडी करायचा विचार असेल, किंवा पेट झाली आहे आणि प्रपोजल लिहायचं आहे, तर एक प्रश्न सुरुवातीपासून सोबत ठेवा: मायक्रोस्कोपखाली दिसणारा हा खडा केला कुणी? जिवंत पेशीने, मरणाऱ्या पेशीने, की पेशीभोवतीच्या द्रवाने? तिन्ही खडे फोटोत सारखेच दिसतात. उपाय मात्र तिघांवर वेगवेगळे लागतात.

कच्चा माल घरातच आहे

हाडातलं खनिज म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचं संयुग, हायड्रॉक्सिअपटाइट. त्याला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी प्रत्येक पेशीच्या आसपास हजर असतात. पेशीबाहेर मोकळं कॅल्शियम साधारण १.२ मिलिमोलर असतं. पेशीच्या आत, म्हणजे सायटोसोलमध्ये, ते जेमतेम १०० नॅनोमोलर. म्हणजे आत-बाहेर सुमारे दहा हजार पटींचा फरक. हा फरक टिकवायला पेशी सतत एटीपी खर्च करून कॅल्शियम बाहेर फेकत असते.

एवढा खटाटोप कशासाठी? पाठ्यपुस्तकातलं उत्तर असतं ‘सिग्नलिंगसाठी’. तेही खरंच आहे. पण एक आणखी साधं कारण पटण्यासारखं आहे. पेशीचा सगळा ऊर्जेचा व्यवहार फॉस्फेटवर चालतो. आत फॉस्फेट मिलिमोलर प्रमाणात असतं. बाहेरचं सगळं कॅल्शियम आत शिरलं, तर या फॉस्फेटचा साका बसायला वेळ लागणार नाही.

आता रक्ताकडे बघा. हायड्रॉक्सिअपटाइटच्या हिशेबाने रक्त अतिसंपृक्त आहे, म्हणजे नुसत्या रसायनशास्त्राच्या नियमाने त्यातून खनिज बाहेर पडायला हवं. तरी आपल्या नसा दगड होत नाहीत. इथे प्रश्न उलटा होतो. ‘खनिज का तयार होतं?’ यापेक्षा ‘ते सगळीकडे का तयार होत नाही?’ हा प्रश्न जास्त फलदायी ठरतो.

खडीसाखर कशी करतात ते आठवा. साखरेचा दाट पाक नुसता ठेवला तर बराच वेळ पाकच राहतो. त्यात दोरा सोडला की दोऱ्यावर खडे धरतात. पाकात साखर आधीपासूनच जास्त होती, तिला फक्त धरायला जागा हवी होती. शरीरातही तसंच आहे. पाक तयार आहे. दोरा मिळू नये यासाठी शरीराने पहारा बसवला आहे.

पहारेकरी कोण?

पहिला पहारेकरी अगदी छोटा रेणू आहे, पायरोफॉस्फेट. दोन फॉस्फेट एकमेकांना जोडले की झालं पायरोफॉस्फेट. पाइपांत क्षार साचू नयेत म्हणून पाण्यात पॉलिफॉस्फेट घालतात, हे आधीपासून माहीत होतं. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमधले हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं की शरीरही हीच युक्ती वापरतं. पायरोफॉस्फेट स्फटिकाच्या पृष्ठभागावर चिकटून बसतं आणि त्याची वाढ रोखतं. याच कामातून पुढे बिसफॉस्फोनेट औषधं आली, जी आज हाडं ठिसूळ झालेल्या रुग्णांना देतात.

दुसरा पहारेकरी मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन. १९९७ मध्ये या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा पेपर आला. हे उंदीर जन्मले ठीक, पण त्यांच्या धमन्यांत भराभर कॅल्शियम साचलं आणि दोन महिन्यांच्या आत धमन्या फुटून ते मेले. या निरीक्षणाने क्षेत्राची दिशा बदलली. धमनीत खनिज होण्यासाठी काही खास घडावं लागत नाही. पहारा उठला तरी पुरे, हे त्यातून स्पष्ट झालं. या प्रथिनाला कामाला लागण्यासाठी व्हिटॅमिन के लागतं, हेही लक्षात ठेवा.

तिसरा पहारेकरी फेट्युइन-ए. हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि रक्तात फिरतं. कॅल्शियम-फॉस्फेटचे नुकते जन्मलेले कण ते गुंडाळून घेतं, म्हणजे ते मोठे होत नाहीत आणि कुठे चिकटतही नाहीत. हे प्रथिन पुढे एका वादात पुन्हा येणार आहे.

पहारा फार कडक झाला तरी पंचाईतच. पायरोफॉस्फेट तयार करण्यात ईएनपीपी१ या एन्झाइमचा मोठा वाटा आहे. त्याच्या जनुकात बिघाड असलेल्या बाळांच्या धमन्यांत जन्माच्या आधीपासूनच कॅल्शियम साचू शकतं. उलट, पायरोफॉस्फेट तोडणारं एन्झाइम म्हणजे अल्कलाइन फॉस्फटेज. ते कमी पडलं की पायरोफॉस्फेट साठतं आणि हाडंच नीट धरत नाहीत. या आजाराचं नाव हायपोफॉस्फटेशिया. त्यावर हे एन्झाइम बाहेरून देणारं औषध, अ‍ॅस्फोटेज अल्फा, २०१५ मध्ये मंजूर झालं. एकच रेणू कमी झाला तर धमनीचं हाड होतं, जास्त झाला तर हाडाचं हाड होत नाही.

संशयित पहिला: जिवंत पेशी

आता पेशीच्या आत शिरू. १९६० च्या दशकात अल्बर्ट लेनिंजर आणि इतर संशोधकांनी पाहिलं की वेगळे काढलेले मायटोकॉन्ड्रिया भरपूर कॅल्शियम आणि फॉस्फेट आत ओढून घेतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांच्यात गडद दाणे दिसतात. हे दाणे स्फटिक नसतात. ते अस्फटिकी कॅल्शियम फॉस्फेट असतं, म्हणजे अणूंची नीट रांग न लागलेलं. आजूबाजूचं मॅग्नेशियम आणि एटीपी त्याला त्याच स्थितीत अडवून धरतात. पेशीसाठी ही सोयीची तिजोरी आहे, कारण स्फटिकापेक्षा असा दाणा सहज विरघळतो. गरज पडली की कॅल्शियम परत मिळतं.

हाडं करणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, याच तिजोरीतला माल बाहेर पाठवत असाव्यात, अशी कल्पना बरीच जुनी आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत क्लार्क अँडरसन आणि इटलीत एर्मान्नो बोनुची यांनी स्वतंत्रपणे कूर्चेत पेशींच्या बाहेर पडलेल्या बारीक पिशव्या पाहिल्या आणि खनिज तिथे सुरू होतं असं सांगितलं. याच त्या मॅट्रिक्स व्हेसिकल. २०१० मध्ये झेब्राफिशच्या परांवर आणि २०१२ मध्ये ऑस्टिओब्लास्टवर झालेल्या कामांतून पेशीतल्या अस्फटिकी खनिजापासून बाहेरच्या स्फटिकी खनिजापर्यंतचा रस्ता बराच उजळला. २०१२ च्या पेपरमध्ये मायटोकॉन्ड्रिया आणि खनिज असलेल्या पिशव्या एकमेकांना जोडलेल्या दिसल्या.

मग आधी चाळीसेक वर्षं हे नीट का दिसलं नाही? एक मोठं कारण नमुना तयार करण्याच्या पद्धतीत आहे. नेहमीच्या पद्धतीत पेशी रसायनांत स्थिर करतात, धुतात, पाणी काढतात. एवढ्या अंघोळीत अस्फटिकी दाणा विरघळून जाऊ शकतो किंवा त्याचा स्फटिक होऊ शकतो. म्हणजे आपण जे बघायला निघालो तेच आपल्या हाताने पुसून टाकलं. नमुना झटकन गोठवून बघण्याच्या क्रायो पद्धतींनी ही अडचण बरीच कमी केली. प्रोटोकॉल हा पेपरमधला कंटाळवाणा भाग नसतो, तो इथे असा अंगावर येतो.

धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी याच वाटेची नक्कल करू शकतात. फॉस्फेट वाढलं की त्या आपला मूळ स्वभाव सोडतात, आरयूएनएक्स२ सारखी हाडांच्या पेशींची जनुकं चालू करतात आणि खनिजाने भरलेल्या पिशव्या बाहेर टाकतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांत फॉस्फेट लघवीवाटे पुरेसं बाहेर जात नाही आणि डायलिसिसनेही सगळं निघत नाही. त्यामुळे या रुग्णांच्या धमन्या वयाच्या मानाने फार लवकर कडक होतात आणि हृदयावर ताण येतो.

संशयित दुसरा: मरणारी पेशी

पेशी मरायला लागली की एटीपी संपतो आणि कॅल्शियम बाहेर फेकणारे पंप थांबतात. दहा हजार पटींचा उतार, आणि बांध फुटलेला. कॅल्शियम आत घुसतं, मायटोकॉन्ड्रिया जमेल तेवढं ओढतात आणि त्यांच्यात दाणे धरतात. रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू झालेल्या हृदयाच्या स्नायूत असे दाणे दिसतात. शिवाय मरताना पटलाच्या आतल्या बाजूचा फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येतो आणि कॅल्शियमला धरून ठेवतो. झाला आपला खडीसाखरेचा दोरा तयार.

टीबीच्या जुन्या जखमेतला पांढरा ठिपका याच जातीचा. रुग्णाच्या रक्तातलं कॅल्शियम अगदी नॉर्मल असतं, पण मेलेल्या ऊतीत खनिज बसतं. पॅथॉलॉजीच्या पुस्तकात याला डिस्ट्रॉफिक कॅल्सिफिकेशन म्हणतात. इथे कुठल्याही पेशीने ‘हाड करायचं’ असं ठरवलेलं नसतं.

आता अडचण बघा. धमनीत दोन्ही गोष्टी एकत्र चालू असतात. काही पेशी हाडाची नक्कल करत असतात, काही मरत असतात. २००० मध्ये मानवी स्नायुपेशींवर झालेल्या एका प्रयोगात पेशींचं नियोजित मरण, म्हणजे अपॉप्टोसिस, औषधाने रोखलं तर कॅल्शियम साचणं कमी झालं. म्हणून ‘आरयूएनएक्स२ वाढला आणि कॅल्शियमही वाढलं’ एवढ्यावरून पहिल्याने दुसरं घडवलं असं म्हणता येत नाही. त्याच डिशमध्ये किती पेशी मेल्या, तेही मोजावं लागतं.

संशयित तिसरा: नुसता द्रव

हा संशयित सगळ्यात कमी पकडला जातो. प्रयोगशाळेत खनिजीकरण घडवण्यासाठी माध्यमात फॉस्फेट वाढवतात किंवा बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घालतात. प्रमाण जास्त झालं की पेशी असोत वा नसोत, साका बसतोच. तो पेशींवर बसतो आणि फोटोत अगदी पेशींनीच केल्यासारखा दिसतो.

‘पण आमचा खडा पेशीच्या आत आहे’ असं कुणी म्हणेल. आत दिसला म्हणजे आत झाला, असं होत नाही. पेशींत डीएनए घालण्याची कॅल्शियम फॉस्फेट पद्धत तुम्ही शिकला असाल. १९७३ पासून वापरात असलेली ही पद्धत चालते कशी? पेशी बाहेरचा साका गिळतात म्हणून. धमनीतल्या स्नायुपेशीही कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक स्फटिक गिळतात. लायसोसोममधल्या आम्लात ते विरघळतात, आत एकदम कॅल्शियम उसळतं आणि पेशी मरू शकते. मेलेली पेशी पुन्हा नव्या खड्याला जागा देते. म्हणजे तिसरा संशयित दुसऱ्याला कामाला लावतो.

हा गोंधळ मोठ्या पेपरांतही झाला आहे. २००० मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं की माध्यमातलं फॉस्फेट २ मिलिमोलरपर्यंत नेलं की मानवी धमनीच्या स्नायुपेशींत कॅल्शियम साचतं आणि हाडांची जनुकं चालू होतात. फॉस्फेट आत नेणारं दार रोखायला त्यांनी फॉस्फोनोफॉर्मिक आम्ल वापरलं, तर दोन्ही गोष्टी थांबल्या. निष्कर्ष सरळ वाटतो: फॉस्फेट दारातून आत जातं आणि पेशीचा स्वभाव बदलतं. पण या आम्लाची रचना पायरोफॉस्फेटसारखी आहे, आणि पायरोफॉस्फेट तर आपला पहिला पहारेकरी! २००९ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं की या पेशींतली फॉस्फेटची दारं ते फारसं रोखत नाही, क्षाराचं साचणंच रासायनिक पातळीवर अडवतं. म्हणजे औषधाने खडे थांबवले खरे, पण ज्या कारणाने थांबवले असं वाटत होतं त्या कारणाने नाही.

मूळ कल्पना यामुळे बाद झाली का? नाही. २००६ मध्येच पीआयटी-१ या फॉस्फेटच्या दाराचं जनुक दाबून पाहिलं होतं आणि तेव्हाही कॅल्शियम कमी साचलं होतं. यातून घेण्यासारखं एवढंच की औषधाने रोखणं आणि जनुक दाबून रोखणं हे दोन स्वतंत्र पुरावे आहेत. शक्य असेल तिथे दोन्ही करा.

विरजण की खडीसाखर?

आता सांगितलेला वाद. १९९८ मध्ये फिनलंडमधल्या कायांदर आणि चिफ्टचिओलू यांनी मूतखड्यांत ‘नॅनोबॅक्टेरिया’ सापडल्याचा पेपर छापला. अतिशय लहान जीव, अंगाभोवती अपटाइटचं कवच. सगळ्यात पटणारा पुरावा असा की थोडा नमुना ताज्या माध्यमात टाकला की ते पुन्हा वाढतात. पुन्हा थोडं घेतलं, पुन्हा वाढतात. अगदी विरजणासारखं. विरजणात जीव असतो म्हणून ते दुधाला लागतं, तेव्हा यातही जीव असणार!

पण खडीसाखरेचा खडा नव्या पाकात टाकला तरी त्यावर साखर धरतेच, आणि त्यात जीव नसतो. २००० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हेच दाखवलं. वाढत होते ते अपटाइटचे सूक्ष्म स्फटिक, आणि जीव असल्याचा पुरावा म्हणून दिलेली जनुकीय क्रमवारी पीसीआरमध्ये घुसणाऱ्या एका परिचित जिवाणूच्या क्रमवारीपासून वेगळी ओळखता येत नव्हती. २००८ मध्ये आणखी कामं आली. असे कण नुसत्या क्षारांपासून बनवता येतात, आणि त्यांत फेट्युइन हे प्रथिन असतं, हे स्पष्ट झालं. म्हणजे ज्याला जीव समजलं ते बहुधा शरीराच्या पहारेकऱ्याने गुंडाळलेले खनिजाचे कण होते. चोर सोडून संन्याशाला पकडल्यासारखंच झालं.

मग प्रयोग कसा आखायचा?

पहिली गोष्ट, तुमचा स्टेन नेमकं काय रंगवतो ते पाठ असू द्या. १९०१ पासून वापरात असलेली फॉन कोसा पद्धत कॅल्शियम दाखवतच नाही. तिच्यातली चांदी फॉस्फेटसारख्या ऋणभारित घटकांना धरते आणि काळी पडते. अ‍ॅलिझरिन रेड कॅल्शियमला धरतो, पण ते कॅल्शियम कोणत्या खनिजात आहे हे सांगत नाही. हाडासारखं खनिज झालं हे सिद्ध करायला फॉन कोसा एकटा पुरत नाही, हे सांगणारा पेपर २००३ मध्येच आलेला आहे. एक्स-रे डिफ्रॅक्शन, एफटीआयआर किंवा रामन यांपैकी काहीतरी जोडीला हवं.

दुसरी गोष्ट, कंट्रोल. या विषयात किमान हे तीन ठेवा:

- पेशी नसलेली विहीर, तेच माध्यम, तितकेच दिवस. इथेही रंग आला तर तिसरा संशयित हजर आहे.
- आधी मारलेल्या किंवा स्थिर केलेल्या पेशींची विहीर. इथे जिवंत विहिरीइतकंच कॅल्शियम आलं तर ‘पेशीने केलं’ हा दावा अडचणीत येतो.
- त्याच प्रयोगात पेशींच्या मरणाची मोजणी.

तिसरी गोष्ट, वेळ. जनुक आधी बदललं की खडा आधी आला? फक्त चौदाव्या दिवशी मोजलं तर याचं उत्तर मिळणार नाही. सुरुवातीच्या दिवसांतही मोजा.

हे सगळं बारीकसारीक वाटेल, पण रुग्णाच्या बाजूने विचार करा. जिवंत पेशी दोषी असेल तर तिचा बदललेला स्वभाव परत आणणारं औषध शोधायला हवं. पेशीचं मरण दोषी असेल तर ते रोखायला हवं. आणि द्रव दोषी असेल तर फॉस्फेट कमी करणं किंवा स्फटिकाची वाढच अडवणं हा मार्ग. या शेवटच्या मार्गावर फायटेटचा एक प्रकार डायलिसिसच्या रुग्णांना शिरेतून देऊन पाहिला गेला. फायटेट म्हणजे धान्यांत-डाळींत असतो तोच. २०२० मध्ये छापलेल्या त्या चाचणीत ५२ आठवड्यांत हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम साचण्याचा वेग घटला. त्याने रुग्णाचं आयुष्य वाढतं का, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याला निराळी चाचणी लागते. पण पेशीच्या एकाही जनुकाला हात न लावता, नुसत्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर काम करून एवढं साधलं, हे विसरू नका.

आता एक गृहपाठ. या विषयावरचा कोणताही एक पेपर घ्या, शेवटची चर्चा हाताने झाका आणि फक्त पद्धती आणि आकृत्या वाचा. पेशी नसलेली विहीर आहे का? मेलेल्या पेशींची आहे का? खनिज कोणतं ते तपासलंय का? मग स्वतः लिहा की खडा कुणी केला, आणि ते किती खात्रीने म्हणता येईल. त्यानंतर चर्चा उघडून ताडून बघा. जिथे तुमचं आणि लेखकांचं जुळणार नाही, तिथे तुमच्या प्रपोजलचा प्रश्न सापडण्याची बरीच शक्यता आहे.